मुलांचा मंत्रचळ आणि घरातील माणसे

शाळकरी मूल पुन्हापुन्हा हात धुते, ‘दार लावले ना?’ असे आईला सारखे विचारते. अभ्यास, खेळ बाजूला राहतात. या विकारास मंत्रचळ म्हणतात. नकोसा विचार मनात घुसतो, भीती दाटते. कृती केली की क्षणभर सुटका होते. ती सुटकाच सवय घट्ट करते. आई प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणते, तेव्हा मायेपोटी तीही त्या चक्रात सापडते. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये प्रौढ रुग्णांवर योजलेला उपाय १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला : भीतीला सामोरे जावयाचे, पण कृती टाळावयाची. भीती हळूहळू ओसरते. पुढे तो मुलांनाही उपयोगी ठरला. म्हणून पालकांनी रागावू नये. तज्ज्ञाच्या सल्ल्याने ते ‘हो’ पायरीपायरीने कमी करावे.