पापुद्र्यांची खुर्ची

कुऱ्हाड घातली की लाकूड उभ्या रेषेत लवकर फुटते, आडवे सहजी तुटत नाही. हे तुम्ही रोज पाहता.

प्लायवूड त्यावरच उभे आहे. ओंडका फिरवून त्याचे पातळ पापुद्रे सोलतात. एक उभा, त्यावर दुसरा आडवा, असे चिकटवून दाबतात. मग एकाची उणीव दुसरा भरून काढतो. साच्यात घालून उष्णता दिली, तर त्याला हवा तसा बाकही येतो.

अमेरिकेतील चार्ल्स ईम्स आणि त्यांची पत्नी रे यांनी ही विद्या वाढवली. १९४२ साली युद्ध चालू होते. पाय मोडलेल्या सैनिकांसाठी त्यांनी अशा लाकडाचे आधार बनवले. त्याच युक्तीने १९४६ साली पाठीला बसेल अशी बाकदार खुर्ची निघाली. त्या जुन्या खुर्च्यांना शौकीन लोक आज मोठी किंमत देतात.

हे दोघे १९५८ साली भारतात आले. सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी कशाची वाखाणणी केली? आपल्या साध्या लोट्याची!

आणि आपण? नांदगावात आम्ही पाहतो, पापुद्रा सुटला की खुर्ची चुलीत जाते. तसे करू नका. चिकटवलेल्या लाकडाचा धूर छातीला वाईट. सुटलेल्या जागी फेविकॉल भरा, दोन फळ्यांत आवळून दिवसभर ठेवा. खुर्ची पाण्यापासून जपा.

परक्याने लोट्याची पारख केली. घरातल्या वस्तूची पारख आपण करू या.