सुतारानें कुबडी कशी करावी?

गांवगाड्यांत सुतारानें नांगर, कुळव व पाभर करावी आणि खळ्यावर आपलें बलुतें घ्यावें, अशी पूर्वी रीत असे. त्या हत्यारांनीं शेताची सेवा झाली. तींच हत्यारें गांवांतील पंगु मनुष्याच्या उपयोगीं कशीं पडतील, हें आमच्या सुतार बंधूंस आज आम्ही सांगूं इच्छितों.

अधू पायाचा मनुष्य पुष्कळदां दुसऱ्याच्या मापाच्या कुबडीवर दिवस काढतो. कुबडी उंच असली तर माथा काखेंत रुततो. हाताकडे जाणारे मज्जातंतु तेथूनच जातात; ते दबले म्हणजे बोटें बधिर होतात व मनगट लुळें पडतें. पाय गेलेल्यानें मग हातासही मुकावें काय? कुबडी आखूड असली तर तो वांकून चालतो व पाठ धरते.

म्हणून लाकूड कापण्यापूर्वी माणसाचें माप घ्यावें. नेहमींचें पायतण घालून त्यास सरळ उभें करावें. कुबडीचें टोंक पावलाच्या थोडें पुढें व बाजूस टेकलें असतां माथा काखेच्या खालीं दोन-तीन बोटें राहावा. हात सैल सोडल्यावर मनगट जेथें येतें, तेथें मूठ बसवावी; म्हणजे ती धरतांना कोपर किंचित वांकतें. अंगाचा भार मुठीवर यावा, काखेवर नव्हे, हें त्यास समजावून द्यावें.

लाकूड सरळ, बिनगांठीचें व चांगलें वाळलेलें घ्यावें. ओलें लाकूड मागाहून आकसतें व सांधे ढिले होतात. गांठीपाशीं तें मोडतें. मूठ कांचकागदानें गुळगुळीत करावी, माथ्यावर चिंध्यांची गादी बांधावी, आणि टोंकास रबर बसवावें, नाहींतर ओल्या जमिनीवर कुबडी घसरेल. रबर झिजतांच बदलावें.

कारागिराचें मोल लहान समजूं नये. जयपूर येथें १९६८ सालीं डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह जो कृत्रिम पाय तयार झाला, त्यांत रामचंद्र शर्मा या कारागिराचा हात होता. रबर व लाकूड यांच्या त्या पायानें मनुष्यास अनवाणी चालतां येतें, मांडी घालून बसतां येतें.

तेव्हां प्रत्येक मंडळींतील उपदेशकानें सुतार बंधूस बरोबर घेऊन अशा शेजाऱ्याच्या घरीं जावें. दुखणें ताजें असेल तर प्रथम त्यास डॉक्टराकडे न्यावें; नसेल तर माप घ्यावें. सुताराची एक-दोन दिवसांची मेहनत लागेल, पण तो मनुष्य कोणाच्या खांद्यावांचून बाजारास जाऊं लागेल.