दुखणे ज्याचे, त्याने सांगावे



यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय आपल्याला ठाऊक आहे (मार्क 10:46-52). तो हाका मारू लागला तेव्हा लोकांनी त्याला दटावले. प्रभू येशूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारले. तो आंधळा आहे हे कोणालाही दिसत होते. तरीही प्रभूने ते त्याच्याच तोंडून ऐकून घेतले.

आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात नेमके उलटे घडते. डॉक्टर पंधरा वर्षांच्या मुलीला विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर देते आई. मुलगी मान खाली घालून बसते. पाळीत किती रक्त जाते, रात्री झोप का लागत नाही, हे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. बारा-तेरा वर्षांपासून मुलांना आपली तक्रार आपणच सांगू द्यावी. पालकांनी सोबत जरूर जावे. पण शेवटची पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसावे. त्यात अपमान कसला?

मुलांची अडचण वेगळी आहे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना ओळखणारा डॉक्टर मिळणे हे भाग्यच. पण तोच डॉक्टर रविवारी मिस्सानंतर वडिलांशी बोलताना दिसला, की मुलाच्या पोटात गोळा येतो! म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो. रुग्णाचे गुपित राखणे हा डॉक्टरांच्या व्यवसायाचा नियम आहे. मात्र तो पापनिवेदनाच्या गुप्ततेसारखा निरपवाद नाही. जिवाला धोका असेल तर डॉक्टर घरी सांगतील. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार त्यांना पोलिसांना कळवावेच लागते. ऑपरेशनसाठी पालकांची संमतीही लागते. तेव्हा "हे घरी सांगणार का?" असे मुलांनी आधीच विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्यावे: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या घेतल्या, कशाची ॲलर्जी आहे, मुलींनी पाळीची शेवटची तारीख. बोलायला जीभ रेटत नसेल तर चिठ्ठीच पुढे करावी. औषध किती दिवस घ्यायचे, बरे वाटल्यावर सोडले तर चालेल का, हे विचारूनच उठावे. मुलगी सतत थकत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. ते 12 च्या खाली असणे म्हणजे रक्तक्षय. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, ती अनेक घरांत राहून जाते. आणि चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी मैत्रिणीने सांगितलेले मलम मेडिकलमधून परस्पर आणू नये. त्यात स्टेरॉइड असले तर चेहरा आणखी बिघडतो.

ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणे अगदीच नको वाटले, तर काही सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असते. मन फारच खचले असेल तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतूनही. पैसे पडत नाहीत.