बाजार फीचा विनियोग : कोणता खर्च न्याय्य?

शेतमाल बाजार समितीच्या क्षेत्रांत विकला गेला म्हणजे विक्रीच्या रकमेवर शेंकडा ठराविक प्रमाणांत बाजार फी आकारली जाते. विक्रीवर बसणारी ही एक स्थानिक आकारणीच होय. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्याप्रमाणें ती खरेदीदारानें भरावयाची असते, म्हणून तिच्या खर्चाशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें पुष्कळ शेतकरी समजतात. ही समजूत बरोबर नाहीं. खरेदीदार लिलावांत बोली बोलतो ती फी, हमाली, वाहतूक व आपला नफा हें सर्व मनांत धरूनच बोलतो. तेव्हां फीचा थोडाबहुत भार भावाच्या रूपानें विकणाऱ्यावर पडल्यावांचून राहत नाहीं.

हा भार किती, हें उदाहरणानें पाहूं. फी शेंकडा १ रुपया धरली व एका शेतकऱ्यानें ४० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये भावानें विकलें, तर १,८०,००० रुपयांच्या मालावर १,८०० रुपये फी होते. एकट्यादुकट्यास ही रक्कम लहान वाटेल. परंतु ज्या बाजाराची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपये आहे, तेथें हीच फी ५० लाख रुपये होते. हा पैसा कोठें जातो, हें विचारणें म्हणजे आपल्याच पैशाचा हिशेब मागणें होय.

प्रथम कर व फी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कराचा पैसा सरकारच्या सामान्य तिजोरींत जातो व त्याचा उपयोग कोणत्याही सार्वजनिक कामीं होऊं शकतो. फी ही विशिष्ट सेवेबद्दल घेतलेली असते. म्हणून ती त्या सेवेकडेच परत वळली पाहिजे. या प्रश्नाचा सविस्तर खल पंजाबांतील एका खटल्यांत झाला. तेथें १९६१ च्या कायद्याखालीं बाजार फी पायरीपायरीनें वाढत जाऊन शेंकडा २ रुपयांवरून ३ रुपयांपर्यंत नेण्यांत आली होती. फरीदकोट येथील वैद्यकीय महाविद्यालयास दिलेली मदत हीही त्या वादांत पुढें आली. केवल कृष्ण पुरी विरुद्ध पंजाब राज्य या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं दिला व २ रुपयांवरील वाढ समर्थनीय नाहीं असें ठरविलें.

महाविद्यालय ही वस्तु वाईट नाहीं. रोगी शेतकऱ्यासही तिचा उपयोग होईल. परंतु गव्हाच्या पोत्याच्या खरेदीविक्रीशीं तिचा संबंध नाहीं, आणि फी तर त्या पोत्यावर घेतलेली आहे. न्यायालयाच्या म्हणण्याचें तात्पर्य असें कीं, फीचा बराच मोठा भाग, म्हणजे सुमारें दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश, फी देणाऱ्यांच्या व्यवहारास उपयुक्त अशा सेवांवर खर्च होतो, हें दाखवितां आलें पाहिजे.

याच निकालांतील एक भाग शेतकऱ्यांस प्रथमदर्शनीं कडू लागेल. शेतीचें उत्पन्न वाढविणें, खेड्यांतील दळणवळण सुधारणें इत्यादि मुख्यत्वें शेतकऱ्यांच्याच हिताच्या कामांवरही बाजार फी खर्च करतां येणार नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. पीक वाढलें म्हणजे बाजारांत माल अधिक येईल, ही सबब दूरची होय. तिच्या आधारें फीचा पैसा वाटेल तेथें नेतां येईल, व मग कोणताच खर्च अयोग्य ठरणार नाहीं. खेड्यांचा विकास अवश्य व्हावा. पण तो तोलाईच्या ओट्याचा पैसा तोडून होऊं नये.

पुढें १९८३ सालीं श्रीनिवास जनरल ट्रेडर्स विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यांत हें बंधन कांहींसें सैल झालें. दोनतृतीयांशांचें प्रमाण हा सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे, आणि सेवा व फी यांचा पैपैचा मेळ बसलाच पाहिजे असें नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें व ५० पैशांची १ रुपया केलेली फी मान्य केली. तथापि पैसा व सेवा यांत ढोबळ नातें असलें पाहिजे, हें तत्त्व कायम राहिलें.

पंजाबनें ग्रामविकासाकरितां १९८७ सालीं स्वतंत्र कायदा करून शेतमालाच्या विक्रीवर निराळी आकारणी बसविली. सामान्य विकासास पैसा हवा असेल तर तसें उघडपणें सांगून वेगळा निधि उभारणें, हा मार्ग सरळ खरा. परंतु या निधीचा पैसा पुढें कर्जमाफीकडे वळविल्याची हरकत निघाली, केंद्र सरकारनें २०२० सालीं आपल्या खरेदीवरील ही रक्कम रोखून धरली, व २०२२ सालीं पंजाबला खर्चाच्या बाबी कायद्यांत स्पष्ट कराव्या लागल्या. निधीचें नांव बदललें तरी हेतूचें बंधन सुटत नाहीं, हाच यांतील धडा होय.

आतां आपल्या बाजाराकडे वळूं. बाजाराची जागा व इमारती, वजनमापें, नोकरवर्ग, कर्जाची फेड, बाजारभावाची माहिती, येणाऱ्या माणसांसाठीं निवारा व पाणी, हे समितीच्या निधीचे स्वाभाविक खर्च होत. याहून निराळा खर्च अंदाजपत्रकांत दिसला, तर शेतकऱ्यानें खालील प्रश्न विचारावे :

१. माल आवारांत उतरल्यापासून रोख रक्कम हातीं पडेपर्यंतच्या कोणत्या टप्प्यावरील अडचण या खर्चानें दूर होते? बिनचूक काटा, ओलावा मोजण्याचें यंत्र, धान्याची चाळणी व पावसांत माल झांकणारें छप्पर यांस उत्तर लगेच मिळतें. कमानीस व सत्कारसमारंभास मिळत नाहीं.

२. कामांचा क्रम योग्य आहे काय? रस्त्याच्या तोंडास गाळे बांधून भाडें मिळविणें अयोग्य नव्हे, कारण तें भाडेंही निधींतच येतें. पण आंत लिलाव चिखलांत चालत असतां गाळे आधीं बांधणें हा क्रम उलटा होय.

३. बांधलेली वस्तु चालविण्याची तरतूद आहे काय? चालक व वीज यांवांचून बंद पडलेलें यंत्र हा दुहेरी तोटा होय.

४. फीचें उत्पन्न, भाडें व कर्ज हीं हिशेबांत वेगवेगळीं दाखविलीं आहेत काय? नसल्यास फीचा कितवा भाग सेवेवर गेला, हें कोणासच सांगतां येणार नाहीं.

अयोग्य खर्चाचें फळ बाजारासही भोगावें लागतें. महाराष्ट्रांत २०१६ सालीं फळें व भाजीपाला यांचें नियमन आवारापुरतें मर्यादित झालें. केंद्राच्या २०२० च्या कायद्यानें आवाराबाहेरील व्यापार फीमुक्त केला होता. तो कायदा २०२१ सालीं रद्द झाला. आवाराबाहेर फी नसेल, तर आंत येऊन ती कां द्यावी, याचें उत्तर उघडा लिलाव, खरें वजन व वेळेवर मिळणारे पैसे यांनींच देतां येतें. ज्या बाजारानें आपला निधि या तीन गोष्टींवर खर्च केला, त्यास स्पर्धेची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

तरी प्रत्येक वाचकानें आपल्या समितीचा गेल्या वर्षाचा हिशेब मिळवावा, फीच्या उत्पन्नाचा आंकडा एका बाजूस व वरील प्रकारच्या सेवांवरील खर्च दुसऱ्या बाजूस मांडावा, आणि दोहोंचें प्रमाण काढावें. तें दोनतृतीयांशांहून फार कमी आढळल्यास आपल्या प्रतिनिधीस तो कागद दाखवून कारण विचारावें. ही मांडणी एका संध्याकाळचें काम आहे, व ती पुढील अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वीं केली तरच तिचा उपयोग आहे.