येरळवाडीचे पाहुणे

आमची वाई कृष्णेच्या काठी वसलेली आहे. घाटाच्या पायरीवर क्षणभर बसले, की समोर एखादा बगळा ध्यानस्थ उभा दिसतो, खंड्या पाण्यात सूर मारतो आणि पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळवीत बसतो. हे पक्षी मी रोज पाहत असे. परंतु पाहणे निराळे आणि निरीक्षण करणे निराळे, हे मला एका दिवसाच्या सहलीत उमगले.

आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना पक्षिनिरीक्षणाचा मोठा छंद. दर हिवाळ्यात ते खटाव तालुक्यातील तलावांवर जात. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी मलाही बरोबर नेले. मोठ्या भावाने वापरलेला कॅमेरा नुकताच माझ्याकडे आला होता. रोहित पक्ष्याचे सुरेख छायाचित्र काढावे आणि ते शाळेच्या प्रदर्शनात मांडावे, या विचाराने मला आदल्या रात्री झोप आली नाही.

पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. सातारा, कोरेगाव, पुसेगाव आणि वडूज अशी गावे मागे पडली. हिरवी शेते विरळ होत गेली आणि उघडे माळ दिसू लागले. मी विचारले, "काका, धोमच्या धरणात एवढे पाणी असताना पक्षी या कोरड्या मुलखात कशाला येतात?"

काका हसून म्हणाले, "खोल पाणी माणसाच्या कामाचे, पण लांब पायांच्या पक्ष्यांना उथळ पाणीच हवे. इकडे पाऊस थोडा. हिवाळा सरत आला, की तलावाचे पाणी हळूहळू मागे हटते आणि काठचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, शिंपले, अळ्या, शेवाळ असे नाना प्रकारचे खाद्य असते. आपल्याला जो नुसता चिखल वाटतो, ते पक्ष्यांचे वाढलेले ताट असते!"

येरळा नदीवरील येरळवाडीच्या तलावापाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा कोवळे ऊन पाण्यावर पसरले होते. काठापासून बरेच दूर, एका बाभळीच्या आडोशाला काकांनी बैठक मांडली. त्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि माझ्यासमोर एक नवे जग उघडले. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा ल्यालेले वारकरी पक्षी पाण्यावर थव्याने तरंगत होते. रुंद चोचीचे थापटे बदक पाणी गाळून खात होते. केशरी रंगाची चक्रवाकाची एक जोडी काठावर विसावली होती. पलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले काही हंस गवत खुडीत होते.

"हे पट्टकदंब हंस," काका हलक्या आवाजात म्हणाले. "यांची घरटी तिबेट, मंगोलिया, लडाख या प्रदेशांत. तिकडे बर्फ पडू लागला, की हे हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. उडताना यांनी सात हजार मीटरांहूनही अधिक उंची गाठल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. तेथील हवा इतकी विरळ असते, की आपल्याला चार पावले चालतानाही धाप लागेल."

तेवढ्यात मला ते दिसले! तलावाच्या मध्यावर, उथळ पाण्यात साठ-सत्तर रोहित पक्षी उभे होते. काठीसारखे लांब गुलाबी पाय, बाकदार मान आणि पांढऱ्या अंगावर गुलाबी झाक. मान खाली घालून, चोच उलटी करून ते पाणी गाळीत होते. काकांनी सांगितले, की त्यांच्या चोचीच्या कडांना चाळणीसारखी बारीक रचना असते. पाणी बाहेर जाते आणि सूक्ष्म जीव व शेवाळ आत राहते. त्या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. त्यांची पिल्ले मात्र करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात त्यांच्या विणीची मोठी वसाहत आहे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पण हाय! पक्षी ठिपक्याएवढे दिसत होते. काका वहीत काही टिपण्यात गुंतले होते. मी हळूच उठलो, उतारावरून खाली गेलो आणि चिखलातून पुढे सरकू लागलो. आणखी वीस पावले, आणखी दहा! सर्वांत जवळच्या पक्ष्याने मान उंचावली. मग दुसऱ्याने. मी तरीही थांबलो नाही. एकाएकी सगळा थवा पाण्यावरून धावू लागला. काळ्या किनारीचे लाल पंख क्षणभर आकाशात झळकले आणि पाहता पाहता ते टेकडीपलीकडे दिसेनासे झाले. हंसही गेले, चक्रवाकही गेले. मी घाईघाईने काढलेल्या चित्रात केवळ उसळलेले पाणी होते.

परत आलो, तेव्हा माझी मान खाली होती. काका रागावले असते तर बरे वाटले असते. पण ते शांतपणे म्हणाले, "अरे, हे पाहुणे शेकडो कोस उडून येतात. येथे पोट भरून अंगात मेद साठवतात आणि त्याच बळावर परतीचा प्रवास करतात. आपण विनाकारण उडवले, की त्यांचे खाणे थांबते आणि साठवलेले बळ खर्ची पडते. आज तू एकटा होतास. रोज दहा माणसे अशी पुढे गेली, तर त्यांनी जेवावे केव्हा?"

मग त्यांनी मला डॉ. सालिम अली यांची हकीकत सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ते चकित झाले आणि ती घेऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तेथील कार्यवाह मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. त्या जिज्ञासेतून पुढे भारताचा थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला. "हातून चूक झाल्यावर माणूस काय शिकतो, याला महत्त्व आहे," काका म्हणाले.

दुपारभर मी बाभळीखाली निश्चल बसून राहिलो. रोहित काही परतले नाहीत. परंतु तासाभराने एक शेकाट्या आपल्या लांब लाल पायांनी डुलत डुलत काठाशी आला. तो आमच्या इतका जवळ आला, की त्याचा तांबडा डोळाही मला स्पष्ट दिसला. तो माझ्याकडे आला होता. मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. त्याचे चित्र मी काढले आणि प्रदर्शनात तेच मांडले.

संध्याकाळी काकांनी वही माझ्यापुढे केली. मी दिनांक, स्थळ आणि पक्ष्यांची नावे लिहिली. रोहित पक्ष्यांपुढे क्षणभर थबकलो आणि लिहिले : 'सुमारे साठ. मी फार जवळ गेल्याने उडाले.' काकांनी ते वाचले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२०२१ साली मायणी, येरळवाडी व आसपासचे तलाव मिळून शासनाने मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. त्याआधी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ क्षेत्र रामसर यादीत आले. तो मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. कायद्याने तलावांचे रक्षण होते. पण काठावर उभा राहिलेला मनुष्य किती पावले पुढे जाईल, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

शब्दार्थ
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी जमीन. वीण – पिल्लांना जन्म देणे. मेद – चरबी. निश्चल – न हालता. कार्यवाह – संस्थेचा कारभार पाहणारा.

अभ्यास
१. कोरड्या मुलखातील तलावांवर पक्षी का येतात?
२. रोहित पक्षी आपले अन्न कसे मिळवतो?
३. 'काका रागावले असते तर बरे वाटले असते,' असे लेखकाला का वाटले?
४. आपल्या गावच्या पाणवठ्यावर अर्धा तास शांत बसा. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद दिनांक व वेळ घालून वहीत करा.