उसाचा ट्रक आणि तेलाचा जाडपणा

गळीत हंगाम सुरू झाला की पलूस तालुक्यात कुंडलच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांत चार-पाच लाख किलोमीटर धावलेले जुने ट्रकही असतात. फडातल्या मऊ मातीतून भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढायची आणि मग काट्यापुढच्या रांगेत ताटकळायचे, असे त्यांचे काम. गाडी वाटेत बंद पडली तर भाडे तर बुडतेच, शिवाय तोडलेला ऊस वाळून त्याचे वजन घटते, साखरही कमी होते. म्हणून हंगामाआधी ऑईल बदलताना प्रश्न निघतोच : “इंजिन जुने झाले, आता जाड ऑईल घालावे का?”

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुम्ही स्वतः गणिताने काढू शकता.

प्रथम जाडपणा म्हणजे काय ते पाहू. गुऱ्हाळातली गरम काकवी भराभर ओतता येते. तीच थंड झाली की डब्यातून निघता निघत नाही. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकताना जो विरोध होतो, त्याच्या मापाला श्यानता म्हणतात. न्यूटनने १६८७ साली या विरोधाचा नियम मांडला. श्यानतेचे एक एकक सेंटिस्टोक. २० अंश सेल्सियसच्या पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिस्टोक असते. ट्रकमध्ये नेहमी वापरले जाणारे ‘१५डब्ल्यू-४०’ तेल ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना अवघे साडेचौदा! म्हणजे मिस्त्री तेल बोटांत चोळून “जाड आहे” म्हणतो, तेव्हा तो थंड तेलाविषयी बोलत असतो. इंजिनाला गरज असते ती गरम तेलाच्या श्यानतेची.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आता सोपा आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतले वर्तन सांगतो. १५ची चाचणी शून्याखाली २० अंशांना होते आणि २०ची शून्याखाली १५ अंशांना. पलूसला अशी थंडी कधीच पडत नाही, तेव्हा त्या आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा १०० अंशांचा. ४० म्हणजे श्यानता १२.५ ते १६.३च्या दरम्यान, ५० म्हणजे १६.३ ते २१.९च्या दरम्यान.

इंजिनात क्रँकशाफ्ट वेगाने फिरत असतो तेव्हा तो बेअरिंगला टेकलेला नसतो. फिरताना तो तेल आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे निर्माण होणाऱ्या दाबावर चक्क तरंगतो. इंग्लंडमध्ये १८८३ साली बीचम टॉवर यांनी प्रयोग करताना बेअरिंगला पाडलेले भोक लाकडी बुचाने बंद केले, तर आतल्या तेलाने ते बूच बाहेर ढकलून दिले! ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या दाबाचे गणित मांडले. श्यानता फारच कमी झाली तर हा थर फाटतो आणि धातूवर धातू घासतो. जाड तेलाची मागणी येथून येते, आणि तेवढ्यापुरती ती बरोबरच आहे.

पण झिजलेल्या इंजिनात फट रुंदावलेली असते. फटीतून बाहेर निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा, नव्या बेअरिंगची फट ०.०८ मिलिमीटर होती, ती झिजून ०.१० झाली. रुंदी सव्वापट झाली, १.२५चा घन १.९५. म्हणजे गळती जवळजवळ दुप्पट! ती पूर्वीइतकी करायला श्यानताही दुप्पट हवी. आणि ४०चे तेल काढून ५०चे घातले तर काय मिळते? साडेचौदाचे साडेअठरा, म्हणजे जेमतेम १.२८ पट. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी झीजसुद्धा डबा बदलून भरून निघत नाही.

“पण जाड तेल घातल्यावर ऑईलचा काटा वर चढतो की!” असे कोणी म्हणेल. चढणारच. शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रे तयार होत आली. तेथले पाण्याचे केंद्रोत्सारी पंप तुम्ही पाहिले असतील. इंजिनातला तेलाचा पंप तसा नसतो. तो दात्यांचा असतो, एका फेऱ्यात जवळजवळ ठराविक तेल पुढे ढकलतो. विद्युतमंडल आठवा : धारा तीच ठेवून रोध वाढवला तर विभवांतर वाढते. तसे येथे वाटेतला विरोध वाढला म्हणून काटा चढला. बेअरिंगला थेंबभरही जास्त तेल मिळालेले नाही. उलट पहाटे थंड इंजिन सुरू करताना दाब मर्यादेपलीकडे गेला, तर झडप उघडून काही तेल चेंबरमध्येच परत जाते आणि वरच्या भागांना ते उशिरा पोचते. शिवाय जाड तेल घुसळण्यात डिझेल खर्च होते. त्या घुसळण्याने तेल तापते, आणि तापले की पुन्हा पातळ होते.

मग करावे काय? आधी गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडावे. त्यात १५डब्ल्यू-४० सांगितले असेल आणि गरम इंजिनाचा दाब ठीक असेल, तर लाखो किलोमीटर झाले एवढ्याच कारणाने तेल बदलू नये. उष्ण हवामानासाठी पुस्तकात २०डब्ल्यू-५०ची मुभा असेल, तर कसून राबणाऱ्या जुन्या गाडीत ते घालायला माझी हरकत नाही. त्याने दुरुस्ती पुढे ढकलली जाईल, टळणार नाही. डब्यावर ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनाची प्रतही पुस्तकाशी जुळवून घ्यावी. गरम इंजिनाचा दाब मात्र पडत असेल, तर खात्रीचा मापक लावून तो मोजावा. आधी तेलात डिझेल मिसळत नाही ना, ते तपासावे. डिझेल मिसळले की तेल पातळ होते. काजळी मात्र तेल जाड करते, तेव्हा काळ्या रंगावरून काहीच ठरवू नका. तेल चांगले निघाले तर बेअरिंग उघडून पाहावी लागतील. हे काम हंगामाआधी झालेले बरे, कारण मग गाडी फडात उभी असते.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. फट ०.०८ ऐवजी ०.०९ मिलिमीटर झाली, तर गळती किती पट होईल? आणि ५०चे तेल तेवढ्याला तरी पुरेल का?