गाडीत शिरणारा धूर : साजगावच्या यात्रेवरून परतताना आलेला अनुभव व त्यावरील उपाय



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. आपल्या गटागटातून आजही जुन्या जीपा, टेंपो, ट्रक मोठ्या संख्येने वापरात आहेत. गाडी चालते म्हणून चालवायची, अशी आपली रीत. परंतु जुन्या गाडीचा धूर मागे जायच्या ऐवजी आत आला तर काय होते, हे आम्ही गेल्या कार्तिकीला स्वतः अनुभवले. म्हणून हा लेख.

खोपोलीजवळचे, खालापूर तालुक्यातील साजगाव आपल्या घाटमाथ्यावरील लोकांना सांगायला नको. कार्तिकी एकादशीपासून तेथे विठोबाची यात्रा भरते. तुकाराम महाराज कोकणात मिरची विकायला उतरत ते या गावी येत, असे लोक सांगतात. यात्रेत सुक्या मासळीचा बाजार मोठा, म्हणून देवाचे नावच बोंबल्या विठोबा पडले. एकीकडे टाळ-मृदंग आणि एकीकडे बोंबलाचे ढीग, असे दृश्य दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण. घाटावरची माणसे देवदर्शन करतात आणि वर्षाची सुकी मासळी भरून आणतात.

आमच्या गटातील एका सभासदाची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप आहे. ताडपत्रीचे हूड, बाजूला बटणांचे पडदे, मागे गुंडाळता येणारा पडदा. आम्ही, ते सभासद, त्यांच्या पत्नी, आई व तीन मुले असे निघालो. जाताना दिवस होता, सगळे पडदे वर बांधलेले, काही त्रास झाला नाही. परतताना रात्र झाली. थंडी वाजू लागली म्हणून पुढचे व बाजूचे पडदे बटणे लावून घट्ट केले. मागे बोंबील व सुकटीची दोन पोती होती. त्यांचा वास सहन होईना म्हणून मागचा पडदा मात्र गुंडाळून वर बांधला. त्या वेळी हे शहाणपणाचे वाटले. सगळी गफलत नेमकी येथेच झाली.

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागलो तर पुढे ट्रकांची रांग. पहिल्या-दुसऱ्या गिअरात, मधून मधून थांबत गाडी चालली होती. थोड्या वेळाने धाकटी मुलगी ओकली. वहिनी म्हणाल्या, "पोरीला गाडी लागलीय, लिंबू द्या." मग मधला मुलगा ओकला. आजी म्हणाल्या, "माझं डोकं फुटतंय रे, जरा थांबव." आम्हाला वाटले, घाटाची वळणे आणि बोंबलाचा वास, दुसरे काय! पण आमचेही कपाळ ठणकू लागले होते, आणि गाडी चालवणारे सभासद पुढच्या ट्रकाचा दिवा लागला तरी ब्रेक उशिरा दाबत होते. शिंग्रोबाच्या देवळापाशी कशीबशी गाडी बाजूला घेतली. खाली उतरल्यावर मोठ्या मुलाचे पाय लटपटत होते.

तेथे एक ट्रकचालक देवाला नाणे वाहायला थांबले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साहेब, एकाला गाडी लागते. सगळ्यांना एकदम लागत नसते. मागचा पडदा पाडा आणि पुढचे उघडा." बॅटरीच्या उजेडात त्यांनी दाखवले : सायलेन्सरची मागची नळी फळीच्या आतच संपत होती. शेतात बांधावर घासते म्हणून कोणीतरी ती कापून टाकली होती. वीस-पंचवीस मिनिटांत बरे वाटले म्हणून आम्ही पडदे बदलून पुढे निघालो. हे निघणेसुद्धा चूकच होते. त्याचे कारण पुढे येईल.

आता हे झाले कसे ते पाहू. पेट्रोल पूर्ण जळाले नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर द्रव्यांचा, आणि नाकाला त्याची लवकरच सवय होते. हा वायू फुप्फुसातून रक्तात गेला की रक्तातील तांबड्या द्रव्याला, म्हणजे हिमोग्लोबिनला, प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला व हृदयाला प्राणवायू पोचत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, ग्लानी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. गाडी लागण्याची लक्षणेही जवळजवळ हीच, म्हणूनच घाटात फसगत होते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. हवेच्या हजार भागांत हा वायू एक भाग जरी झाला तरी दोनेक तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि पुढे प्राणही जाऊ शकतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या पेट्रोल मोटारींसाठी उभ्या गाडीच्या धुरात या वायूची मर्यादा शेकडा ३ होती. शेकडा ३ म्हणजे हजारात ३०. याचा अर्थ, पीयूसीत पास झालेल्या जुन्या गाडीचा धूरदेखील आत कोंडला तर मारक ठरतो. "आमचं पीयूसी ताजं हाय" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या चाचणीत नळीच्या टोकाशी किती वायू आहे एवढेच कळते. मधल्या भोकातून किती धूर तुमच्या पायाशी येतो ते कळत नाही. उलट, नळीला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा कमीच दिसायचा.

मागून धूर आत कसा ओढला जातो? मुरमाच्या रस्त्यावर ट्रॉली पळते तेव्हा धूळ मागे पडायला हवी, पण ती वळसा घेऊन ट्रॉलीत बसलेल्यांच्याच अंगावर येते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन पोकळी पडते, तिच्यात धूळही घुमते आणि धूरही. अशा वेळी मागचा पडदा उघडा व पुढचे बंद असले की ती घुमणारी हवा सरळ आत येते. पुढून हवा आत येऊ दिली तर ती धुराला मागे लोटते. म्हणून फक्त मागची खिडकी उघडी ठेवणे सर्वांत वाईट. ट्रकचालकाने सांगितले ते शास्त्राला धरूनच होते.

यातूनच एक बिनखर्चाची परीक्षा निघते. गाडी धुळीच्या रस्त्याने दोन-तीन किलोमीटर चालवा आणि मग आत कोठे कोठे धूळ बसली ते पाहा. जेथून धूळ येते तेथून धूर येतो. दुसरी परीक्षा रात्रीची : एकाने गाडीखाली बॅटरी धरून फिरवावी, दुसऱ्याने आत अंधारात बसून पाहावे. पायपुशीखालून, गिअरच्या दांड्याच्या कातड्याभोवतून, क्लच-ब्रेकच्या फटींतून उजेडाच्या रेघा दिसतील. उदबत्ती पेटवून प्रत्येक फटीजवळ धरली तर वारा आत येतो की बाहेर जातो तेही समजते. मात्र हे पेट्रोलच्या टाकीपासून आणि नळीपासून लांब करावे.

नळीची तपासणी सकाळी गार इंजिनावर, उघड्यावर करावी. इंजिन चालू करून एकाने हातात जाड मोजा घालून ओल्या फडक्याने मागच्या नळीचे तोंड क्षणभर दाबून धरावे. कोठे गळती असेल तर 'फुस्स' आवाज येतो. सांध्यावर काळ्या काजळीची रेघ असणे हीही खूण. मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले असेल तर गार इंजिनाचा टकटक आवाज येतो व तापल्यावर कमी होतो. लोक त्याला टॅपेटचा आवाज समजून सोडून देतात.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नळी, नंतर भोके. बहुतेक जण उलटे करतात, पायाखाली पोते अंथरून मोकळे होतात. पोत्याने धूळ अडेल, धूर अडत नाही. मॅनिफोल्डचे बोल्ट सैल असतील तर गार असताना आवळावेत, पॅकिंग नवे घालावे. बिडाला तडा गेला असेल तर वेल्डिंग सहसा टिकत नाही, बदललेला बरा. सडलेल्या सायलेन्सरला डब्याचा पत्रा कापून तारेने बांधणे हे गावी पोचण्यापुरते ठीक. मागची नळी गाडीच्या अंगाबाहेर निघाली पाहिजे आणि तिचे तोंड ताडपत्रीकडे नको. जुने पॅकिंग व दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये, हवा मारू नये. ओली करून काढावी. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे.

इंजिनाच्या श्वासनळीकडे, ज्याला मिस्त्री ब्रिदर म्हणतात, कोणी पाहत नाही. रिंगा झिजल्या की तिच्यातून तेलकट धूर येतो आणि थेट केबिनकडे जातो. वरच्या झाकणाचे पॅकिंग गळून तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडले तरी तसाच जळका वास येतो. इंजिन केबिनमध्येच असणाऱ्या जुन्या ट्रकांत झाकणाची रबरी पट्टी कडक झाली की चालकाच्या मांडीशी धूर येतो. वायरींसाठी पाडलेली भोके तर असंख्य! टेप, पंखा, दिवा, प्रत्येकासाठी एक भोक आणि रबर कशालाच नाही. हे फक्त आपल्याकडेच होते असे नव्हे. २०१७ साली अमेरिकेत ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी चारशेच्या आसपास गाड्या याच भीतीने रस्त्यावरून काढून घेतल्या. दिवे व यंत्रे बसवताना पाडलेली भोके नीट न बुजवणे हे तेथे पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते.

डिझेलवाले सभासद म्हणतील, आमचे काय? डिझेल इंजिनात हवा जास्त असते म्हणून हा वायू पुष्कळच कमी निघतो, हे खरे. पण त्या धुराने डोळे चुरचुरतात, छाती भरते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. जी जुनी गाडी गॅसवर करून घेतली आहे तिचा धूर तर दिसतही नाही आणि वासही फारसा येत नाही. मिश्रण बिघडले तर तोच वायू तिच्यातूनही निघतो.

आम्हाला अधिक काळजी वाटते ती तोडणी कामगारांची. ट्रकाच्या हौद्यात सामानावर बायका-पोरे बसतात आणि थंडीसाठी ताडपत्री चहूबाजूंनी दाबून घेतात. मुकादमांनी निघण्यापूर्वी नळीचे तोंड कोठे आहे ते पाहावे, आणि ताडपत्री पुढून मोकळी ठेवावी. खरे तर त्यांना हौद्यातून आणूच नये. आणि आपल्या यार्डात गव्हाणीच्या रांगेत रात्री जे चालक इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपतात, त्यांनी हे बंद करावे. गाडी उभी असली की धूर वाऱ्याने पांगत नाही, आणि शेजारच्या गाडीच्या नळीचे तोंड आपल्या दाराशी असू शकते. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघेजण मृत आढळले. आतील थंडाव्यासाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा हा वायू आत शिरला होता. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून ठेवणे हेही तितकेच वाईट.

कोणाला लागलेच तर इंजिन बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे. कांदा हुंगवणे, लिंबू चोखवणे यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना धुराचा संशय आहे हे आवर्जून सांगावे, नाहीतर तेही पित्ताची गोळी देतील. करोनापासून घराघरांत बोटाला लावायचे यंत्र आले आहे, त्यावर येथे विसंबू नये. हा वायू चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायूने भरलेले वाटते. ९८ आकडा दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. इस्पितळात मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम सुमारे दीड तासात होते. आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत निघालो ते का चुकले, हे आता ध्यानात येईल. बरे वाटत होते, पण रक्त तसेच होते आणि चालवणारा तोच होता. गरोदर बाई, लहान मूल, हृदयाचा रोगी असेल तर बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये.

त्या जीपचे पुढे असे झाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने खाली शिरून पाहिले तर कापलेल्या नळीखेरीज सायलेन्सरच्या पुढच्या सांध्याची एक बोल्ट नव्हतीच, आणि मागच्या बाकाखाली हाताचा पंजा जाईल एवढा पत्रा सडला होता. मुले त्याच बाकावर बसली होती. नळी लांब करून घेतली, सांधा नवा केला, पत्रा वेल्ड करून घेतला. आजींनी एक अट घातली आहे, यापुढे बोंबील टपावर!

हे सगळे लिहायला घेतल्यावर आम्ही ऊसविकास विभागाच्या स्वतःच्या दोन्ही जीपा उदबत्ती घेऊन तपासल्या. एक ठीक निघाली. दुसरीत क्लचच्या दांड्याचे रबर गायब होते आणि त्या जागी कोणीतरी कारखान्याच्याच जुन्या परिपत्रकाचा बोळा कोंबला होता. तिच्यातून आम्ही दोन हंगाम फिरलो, आणि दुपारी डोके दुखते ते उन्हाने, असे समजत होतो.